रस्त्याच्या निवेदनात नेमकं काय मागायचं? (पायी चालणारे आणि सायकलवाले, खान्देशपुरतं)

मेहरूणचा_वारा (धागाकर्ता)
जळगावात आमच्या भागातल्या चार-पाच कॉलन्यांनी मिळून महापालिकेला निवेदन द्यायचं ठरलंय. सध्याचा मसुदा एवढाच: "शहरात पादचारी व सायकलस्वारांसाठी सुरक्षित व्यवस्था करावी, सायकल ट्रॅक करावेत, अतिक्रमणे हटवावीत." वाचायला बरं वाटतं, पण यावर "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" यापलीकडे उत्तर येणार नाही. जाणकारांनी सांगा, चारच मागण्या लिहायच्या तर कोणत्या, किती मापाच्या, आणि कोणाच्या टेबलावर ठेवायच्या? धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, कुठलीही उदाहरणं चालतील. पक्षांची भांडणं मात्र नकोत.

भरीत_पुरी
पहिली मागणी: फुटपाथ दाखवा. चालायचं की नाही ते मग ठरवू.

पांझराकाठ
धागाकर्ते, "सायकल ट्रॅक" हा शब्द आधी खोडा. राग मानू नका, हिशेब बघा.

एका दिशेच्या सायकल ट्रॅकला किमान २ मीटर रुंदी लागते, त्याहून कमीत एक सायकल दुसरीला ओलांडू शकत नाही. आपल्याकडचे कॉलनीचे रस्ते ९ ते १२ मीटरचे. १२ मीटर धरा. दोन लेनना ७ मीटर गेले. उरले ५, म्हणजे बाजूला अडीच-अडीच. त्यात आयआरसी:१०३ (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था; १०३ हा तिच्या नियमपुस्तकाचा क्रमांक) प्रमाणे चालायची मोकळी पट्टी किमान १.८ मीटर, आणि खांब, झाडं, विजेची डीपी यांना ७० सेंटिमीटर. संपला रस्ता. यात ट्रॅक घुसवला की तो फुटपाथ खातो किंवा स्वतः ९० सेंटिमीटरचा होतो, आणि आठवड्याभरात त्यावर मोटरसायकली लागतात.

अशा रस्त्यावर सायकलला हवा असतो तो कमी वेग. माणूस ब्रेकवर पाय ठेवायला साधारण एक सेकंद घेतो. ताशी ३० ला त्या सेकंदात गाडी ८.३ मीटर जाते आणि कोरड्या डांबरावर पुढच्या ५ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ला एका सेकंदात १३.९ मीटर, मग थांबायला आणखी १४. म्हणजे ३० ची गाडी जिथे उभी राहते, तिथे ५० च्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाच नसतो.

ट्रॅक मागायचा तो २४-३० मीटरच्या रस्त्यांवर. तिथेही नुसता रंगाचा पट्टा नको, उभा कठडा किंवा झाडांची पट्टी मध्ये पाहिजे.

गिरणामाई
पांझराकाठ यांच्याशी निम्मी सहमत. वेग कमी करा म्हणायला सोपं आहे, करणार कशाने? फलकाने? ताशी ३० चा फलक लावला की त्यावर दुसऱ्या दिवशी वाढदिवसाचा बॅनर येतो.

पांझराकाठ
गिरणामाई, बरोबर. वेग फलकाने उतरत नाही, रस्त्याच्या घडणीने उतरतो. त्यातलं आपल्याकडे सगळ्यात वाईट होणारं काम म्हणजे गतिरोधक, कारण तो ठेकेदाराच्या माणसाच्या अंदाजाने पडतो. एक फूट रुंद, अर्धा फूट उंच असा ढेकूळ. त्याने मणका जातो, सायकलच्या आऱ्या तुटतात, आणि गाडीवाला त्याच्या अलीकडे-पलीकडे दुप्पट पळतो.

आयआरसी:९९ मधलं माप पाठ करा: प्रवासाच्या दिशेने लांबी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर, वक्रता १७ मीटर त्रिज्येची. यावरून ताशी २५ ने गाडी आरामात जाते, त्याहून जास्त असेल तर चालकालाच नको होतं. तपासायला अभियंता लागत नाही. एक दोरी, एक टेप. दोन्ही कडा मोजा, मध्यावर उंची मोजा.

तापी_खोरे
यात एक भर. गतिरोधक गटारीपर्यंत नेला की पहिल्या पावसात त्याच्या वरच्या अंगाला तळं साचतं. मग कोणीतरी टिकाव घेऊन कडेला चर मारतं, आणि दुचाक्या त्या चरातून सुसाट जातात. कडेला पाणी जायला १५-२० सेंटिमीटर फट किंवा खालून पाइप नकाशातच दाखवायला सांगा.

शाळेसमोर साध्या गतिरोधकापेक्षा उंच केलेलं क्रॉसिंग मागा. वरचा भाग सपाट, ३ ते ४ मीटर रुंद, उंची फुटपाथइतकी, त्यावर झेब्रा. पोरांना खाली उतरावं लागत नाही आणि गाडीला चढावं लागतं. पाणी तिथेही तेवढंच अडतं, पाइप तिथेही पाहिजेच.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, २०२२ मध्ये त्याची रक्कम ५,००० रुपये केली. सायकल देणारं खातं वेगळं, रस्ता करणारं वेगळं. शहादा-नंदुरबारकडे या मुली ज्या रस्त्याने जातात, तिथे डांबरावर डांबर चढत जाऊन साइडपट्टी अर्धा फूट खाली गेलेली असते. मागून ट्रक आला की सायकल खाली उतरवायची, आणि त्या कडेवर चाक घसरतं. निवेदनात "डांबरीकरणासोबत साइडपट्टीचा मुरूम त्याच कामात समपातळीत भरावा व दाबावा" हे वाक्य टाका. पैसे फार लागत नाहीत. फक्त ते अंदाजपत्रकात वेगळी बाब म्हणून यावं लागतं, नाहीतर कोणी करत नाही.

केळीचा_घड
आणि रंबल स्ट्रिप? महामार्गावरच्या त्या पांढऱ्या पट्ट्या कडेपर्यंत ओढतात. गाडीवाल्याला खडखड, सायकलवाल्याच्या दुधाचं ताक.

तापी_खोरे
खरंय. कडेचा ७५ सेंटिमीटर ते १ मीटर भाग पट्टीविना सोडायला सांगायचं. सायकल तिथून जाते, चारचाकी जाऊ शकत नाही.

अहिराणी_मानूस
रस्ता रुंद व्हयना नि चालनारा बारीक व्हयना, असं शे भो हाई.

गल्ली_नंबर_चार
फुटपाथवर येऊ का आता? लोक फुटपाथवर चालत नाहीत म्हणून ओरड असते. चालतील कसे? आपल्या शहरांत फुटपाथ म्हणजे गटारीवरचा स्लॅब. गटार रस्त्यापेक्षा उंच बांधलेली, म्हणून स्लॅब एक ते दीड फूट वर. आयआरसी सांगते कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. त्यापुढे गुडघे दुखणारा माणूस चढतच नाही.

उताराचं गणितही याच्यावर आहे. चाकाच्या खुर्चीला १ ला १२ चा उतार लागतो. १५ सेंटिमीटर उंचीला उतार होतो १.८ मीटर लांब. ३० सेंटिमीटर उंच फुटपाथला ३.६ मीटर. तेवढी जागाच नसते, म्हणून मग १ ला ४ ची घसरगुंडी करून "दिव्यांगस्नेही" लिहितात.

दुसरी चूक बंगल्यांच्या फाटकांपाशी. प्रत्येक फाटकाला फुटपाथ तोडून रस्त्याच्या पातळीवर आणतात. शंभर मीटरमध्ये आठ वेळा चढ-उतर. योग्य रीत उलटी आहे: फुटपाथ सलग त्याच पातळीवर राहतो आणि गाडीचा उतार बाहेरच्या ७० सेंटिमीटरच्या पट्टीत बसतो. गाडी दिवसातून चार वेळा चढेल, माणसं चारशे वेळा का उतरावीत?

मोकळी रुंदी मोजताना खांब, फलक, झाडाचं आळं वजा करून मोजायची. कागदावर २ मीटरचा फुटपाथ डीपीजवळ ६० सेंटिमीटरचा झाला, तर तो ६० सेंटिमीटरचाच. वरूनही २.२ मीटर मोकळं हवं. दुकानांचे पत्रे बरोबर डोक्याच्या उंचीवर असतात.

भरीत_पुरी
डोकं कमी उंचीचं ठेवावं नागरिकांनी.

मेहरूणचा_वारा
हे सोनं आहे. पण बोलार्ड (फुटपाथच्या तोंडाशी रोवलेले बुटके खांब) लावले की दुचाक्या चढणार नाहीत ना? आमच्याकडे त्याचा फार आग्रह आहे.

गल्ली_नंबर_चार
चढणारच. चाकाच्या खुर्चीला ९० सेंटिमीटर तरी फट सोडावी लागते आणि मोटरसायकलचं हँडल ८० च्या आत असतं. बोलार्डने फक्त चारचाकी थांबते. दुचाकी थांबवायची तर रस्त्यावरच तिच्यासाठी पट्टे आखून जागा द्या.

सावलीचा_माणूस
इतक्या प्रतिसादांत उन्हाचं नाव नाही! हा धागा पुण्यातला आहे की खान्देशातला?

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. त्या दिवसांत १.८ मीटर रुंद, आयआरसीप्रमाणे अचूक, पण उघडा फुटपाथ अकरा ते पाच रिकामाच राहणार. आणि इमारतींच्या सावलीवर भिस्त ठेवू नका. जळगाव २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच पडते. तेव्हा उपयोगाची ती फक्त वरून येणारी, झाडाची सावली.

उत्तर-दक्षिण रस्ता असेल तर पश्चिमेकडचा फुटपाथ दुपारनंतर इमारतींच्या सावलीत येतो. दोन्ही बाजूंना पैसे नसतील तर तो आधी करा, शाळा-ऑफिस सुटायच्या वेळी कामाला येतो.

झाडं कोणती? कडुनिंब आणि करंज. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गाळतो, पण एप्रिलपर्यंत पुन्हा भरतो. गुलमोहर लावायचा हट्ट सोडा. ऐन एप्रिलच्या उन्हात तो बोडका असतो आणि वादळात फांद्या टाकतो. दोन झाडांत ६ ते ८ मीटर. बुंध्याभोवती १ मीटर तरी उघडी माती, तिथे गट्टू (सिमेंटचे फरशी-ठोकळे) नकोत. गट्टू बुंध्याला भिडवले की मूळ पाण्यासाठी वर येतं आणि पाच वर्षांत तोच फुटपाथ उखडतं. मग झाडाला दोष.

पैशाची वाट: १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, त्याखाली महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं. रस्त्याच्या अंदाजपत्रकात झाडं बसली नाहीत तर तिकडून मागा. लावणीपेक्षा पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची तरतूद महत्त्वाची.

गिरणामाई
सावलीवाल्या दादांना शंभर टक्के. सिग्नलवर थांबणाऱ्या सायकलवाल्यालाही हे लागू. हिरवी जाळी उन्हाळ्यापुरती तरी.

आता अतिक्रमणाबद्दल. मसुद्यातलं "अतिक्रमणे हटवावीत" हे वाक्य मला खटकतंय. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही, कलम ३(३). आणि नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. तुम्ही सरसकट हटवा म्हणाल, तर लोटगाडीवाले तुमच्या विरोधात उभे राहतील. खरं तर तेही तुमच्याच बाजूचे आहेत, त्यांचं गिऱ्हाईक पायीच येतं.

केळीचा_घड
ताई, मान्य, पण धुळ्याच्या पाचकंदीलला संध्याकाळी जाऊन बघा. माणूस आडवा होऊनच जाऊ शकतो.

गिरणामाई
म्हणून "हटवा" च्या जागी "चालण्याच्या १.८ मीटर पट्टीबाहेर, पार्किंगच्या पट्टीत जागा आखून द्या" असं लिहा. एका चारचाकीच्या पार्किंगला अडीच बाय पाच, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात. तेवढ्यात गिऱ्हाईक उभं राहायची जागा धरून तीन लोटगाड्या मावतात. चारचाकीवाला एकटा सेव घ्यायला येतो आणि तीन जणांचा धंदा अडवतो.

केळीचा_घड
सेवभाजीचा विषय काढू नका, उपास आहे.

गल्ली_नंबर_चार
पाचकंदील निघालंच म्हणून. धुळ्याच्या पेठेत सरळ, एकमेकींना समांतर गल्ल्या आहेत. इतकी सोपी आखणी फार कमी जुन्या शहरांना मिळाली. गल्ल्या आळीपाळीने मोटारींना एकदिशा आणि सायकलींना दुहेरी करता येतात. मध्येच आडव्या वाटा असल्याने कोणाला लांबचा फेरा पडत नाही. खर्च फलकांचा आणि रंगाचा. "सायकल वगळून" एवढे दोन शब्द एकदिशेच्या फलकाखाली हवेत.

इंजिन_शेड
भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, रेल्वेने दुभागलेली सगळी गावं. फाटक बंद होतं, उड्डाणपूल होतो, आणि पायी माणूस रूळ ओलांडतो. कारण समजून घ्या.

विजेच्या तारांवरून पूल न्यायचा तर रस्ता रुळांपासून जवळजवळ ८ मीटर वर जातो. १ ला ३० च्या चढाने एका बाजूलाच २४० मीटर. पायी माणसाला पलीकडच्या दुकानात जायला अर्धा किलोमीटर चालावं लागतं. माणूस आणि सायकल यांना डोक्यावर अडीच मीटर पुरतात, म्हणजे भुयारी वाटेत स्लॅब धरून ३-४ मीटर उतरलं की झालं. शिवाय भुयारात आधी उतार मिळतो, त्या वेगातच सायकल निम्मा चढ चढते. पुलावर आधी चढ.

मागणीची भाषा: "उड्डाणपुलाच्या कामासोबत फाटकाच्या जागीच पादचारी व सायकलींसाठी मर्यादित उंचीचा भुयारी मार्ग." "सोबत" महत्त्वाचं. पूल झाला, फाटक भिंतीने बंद झालं, की नंतर कोणी देत नाही. बिघडतं काय, तर पाणी आणि अंधार. पाण्याची टाकी, दोन पंप (एक चालू, एक राखीव) आणि तोंडाला १५ सेंटिमीटरचा उंचवटा नकाशात नसेल तर जुलैत त्याची विहीर होते. रुंदी ३ मीटरच्या खाली नको आणि या टोकाकडून ते टोक सरळ दिसलं पाहिजे. वळण असलेल्या भुयारात संध्याकाळनंतर बायका जात नाहीत.

मेहरूणचा_वारा
आमचा मोठा प्रश्न महामार्गाचा. खोटेनगर ते अजिंठा चौक, शहराच्या मधून. समांतर रस्त्यांसाठी किती वर्षं आंदोलनं झाली ते सगळ्यांना माहीत आहे.

पांझराकाठ
तिथे निवेदन महापालिकेला देऊन उपयोग नाही. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५३, जुना ६. ज्या शहराला बायपास होतो, तिथे जुना पट्टा एकदा सुधारून राज्याकडे किंवा स्थानिक संस्थेकडे सोपवायची पद्धत आहे. ती एकदाची सुधारणा काय असेल हे ठरतं, तोच मागायचा क्षण. नुसता डांबराचा थर घेऊन हस्तांतर झालं की पुढचं सगळं महापालिकेच्या तिजोरीतून.

तिथे मागा: दर चौकात मध्यभागी थांबायची जागा. आयआरसी किमान १.२ मीटर सांगते, पण सायकल १.९ मीटर लांब असते. १.२ च्या जागेत मागचं चाक ट्रकसमोर राहतं. २ मीटर मागा. सिग्नलची वेळ चालण्याच्या वेगावर, सेकंदाला १.२ मीटर. १८ मीटर रस्त्याला १५ सेकंद. म्हातारं माणूस ०.९ ने चालतं, त्याला २०. दवाखाना, शाळा, बाजार असेल तिथे २० चा आग्रह धरा.

आणि दुभाजक लोकांनी कुठे तोडलाय ते बघा. क्रॉसिंगची जागा तीच.

सायकलची_घंटी
अवांतर: सायकल स्टँड मागताना ते चाक अडकवायचे दातेरी नका मागू. चाकं वाकतात. जमिनीत रोवलेला उलटा यू, ५ सेंटिमीटर जाडीचा पाइप, वर ७५ ते ८०, खाली काँक्रीटमध्ये ३०, दोघांत १ मीटर अंतर. आपल्या काळ्या सायकलला स्वतःचं स्टँड आणि कुलूप असतं, साखळी बांधायला मात्र काहीतरी पाहिजे. आणि गटारीच्या जाळ्या! गज रस्त्याच्या दिशेत असले की ४ सेंटिमीटरचं टायर आत जातं. गज आडवे करा. फुकटात होणारं काम.

अहिराणी_मानूस
जाळी चोरी गयी व्हई ते?

सायकलची_घंटी
मग बिडाच्या ऐवजी काँक्रीटची झाकणं. भंगारात किंमत येत नाही.

आवक_जावक
आता टेबलांबद्दल, ते कोणी बोललं नाही. मागणी चुकीची नसते, वेळ चुकते. निविदा निघाल्यावर दिलेलं निवेदन फाइलला लागतं, कामाला लागत नाही.

आधी माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय, १५० शब्दांच्या आत, हे महाराष्ट्राचे नियम आहेत. "फुटपाथ का नाही" असं विचारू नका, "का" ला उत्तर देणं बंधनकारक नाही. मागा: अमुक रस्त्याचं मंजूर अंदाजपत्रक, आडवा छेद नकाशा, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाच्या प्रती, दोषदायित्व कालावधीची अखेरची तारीख. ३० दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील, २० रुपये. दोषदायित्वाची तारीख मिळाली की अर्धं काम झालं: त्या आत उखडलेला गट्टू ठेकेदाराने स्वखर्चाने बसवायचा असतो.

मग मोजणी. मंगळवार-बुधवार-गुरुवार, शाळेच्या आणि संध्याकाळच्या वेळेत, १५-१५ मिनिटांचे खाने. पायी, सायकल, दुचाकी, चारचाकी. बाजाराचा दिवस वेगळा मोजा, सरासरीत मिसळू नका. फोटोत टेप दिसली पाहिजे.

प्रती: शहर अभियंता, वाहतूक शाखा, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. वेगमर्यादा महापालिका ठरवत नाही, ती मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली अधिसूचनेने होते, म्हणून समितीची प्रत चुकवू नका. कायद्याचा आधार द्यायचा तर १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मोकळा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या हक्काचा भाग मानलाय. आणि मोटार वाहन कायद्यातलं, २०१९ च्या दुरुस्तीचं कलम १९८अ: रस्त्याच्या सदोष आखणीने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. हे शेवटच्या परिच्छेदात, एका ओळीत. धमकीच्या सुरात लिहिलं की फाइल विधी शाखेत जाऊन झोपते.

उत्तर आलं नाही तर महिन्याचा पहिला सोमवार, लोकशाही दिन.

भरीत_पुरी
या माणसाला कोणीतरी नगरसेवक करा.

आवक_जावक
राजकारण नको म्हणालेत धागाकर्ते.

मेहरूणचा_वारा
सगळ्यांचे आभार. नवा मसुदा बघा. आमच्या शाळेसमोरचा ४०० मीटरचा रस्ता धरलाय, पूर्ण शहर सोडून दिलं.

"(१) दोन्ही बाजूंस साधारण १.८ मीटर मोकळ्या रुंदीचा, कमाल १५ सेंमी उंचीचा, फाटकांपाशी न तुटणारा फुटपाथ. (२) शाळेच्या दारासमोर उंच केलेले क्रॉसिंग, दोन्ही कडांना पाणी जाण्यास पाइपसह. त्याच्या दोन्ही अंगांना ५० मीटरवर ३.७ मी. × १० सेंमी गतिरोधक. (३) पश्चिम बाजूस दर ७ मीटरवर कडुनिंब, तीन वर्षांच्या पाण्यासह. (४) शाळेच्या भिंतीलगतच्या सहा लोटगाड्यांना पार्किंग पट्टीत आखीव जागा. सोबत मोजणीचे तक्ते."

गिरणामाई
चार नंबरबद्दल धन्यवाद. त्यांच्या सह्या घ्या निवेदनावर.

पांझराकाठ
"साधारण" काढा. त्या शब्दात दीड मीटर बसतो. "किमान" लिहा.

मेहरूणचा_वारा
काढला. उद्या अकराला आवक शिक्का.

अहिराणी_मानूस
अकराले ऊन व्हई भो, नऊलेच जाय.